दोन्ही चौक भरले! जायंट भोपळ्याचं ४×४ गणित आणि बदललेला लेआउट

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममधल्या माझ्या शेतात, डाव्या चौकात (रस्त्याकडेच्या ४×४ वाफ्यात) जायंट भोपळा आला! फॉलच्या २३ तारखेला. जायंट म्हणजे ३×३ जागेतली नऊ पिकं एका रात्रीत जुळून झालेलं एकच मोठं पीक. उजव्या चौकात स्प्रिंगपासून जायंट फ्लॉवर बसलेलाच आहे, म्हणजे ग्रीनहाऊससमोरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजू आता भरल्या. मागच्या अपडेटखाली काही जणांनी ‘जायंट क्रॉप हव्या त्या जागी येत नसतात, नाद सोड’ असं लिहिलं होतं. त्यांच्यासाठी या वेळी सगळा हिशोबच मांडते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: स्टारड्यूचा स्टँडर्ड फार्म, १.६ व्हर्जन, एकही मॉड (बाहेरून जोडलेला बदल) नाही. गावात सुतारकाम करणाऱ्या रॉबिनला सांगून ग्रीनहाऊस हलवून घेतलं आणि त्याच्या दारातून सरळ खाली ३ टाइल (गेममधल्या जमिनीच्या चौकटी) रुंदीचा रस्ता काढला. ग्रीनहाऊस ७ टाइल रुंद आणि दार बरोबर मध्यात, म्हणून सगळ्या मांडणीचा अक्ष तिथूनच धरला. बार्न (गोठा) आणि कूप (कोंबड्यांचं खुराडं) या भागात येऊच दिले नाहीत. त्यांची दारं एका कडेला असतात, त्यामुळे समोर कितीही नीट रस्ता काढा, नजर अडखळतेच. शेड मात्र चालते, तिचं दार मधोमध असतं.

आता मूळ दुखणं. मला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना देवळाच्या द्वारपालांसारखे दोन जायंट हवे होते, समोरासमोर. पूर्ण वाढलेल्या ३×३ पिकाला जायंट होण्याची संधी रोज रात्री फक्त १ टक्का. भोपळा १ तारखेला लावला तर १३ दिवसांनी तयार होतो आणि गेममधला प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा एकच महिना असतो, म्हणजे हातात पंधराएक रात्री. नेमक्या हव्या त्या ९ टाइलवरच भोपळे लावले तर पूर्ण फॉलमध्ये जायंट येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के. दोन्ही बाजूंना एकाच फॉलमध्ये यावा म्हटलं तर जेमतेम २ टक्के! ज्यांच्याकडे अजून क्वालिटी स्प्रिंकलरची (हा भोवतीच्या ८ टाइल भिजवतो) सलग जाळी आहे, त्यांना तर एवढीही आशा नाही. त्या जाळीत प्रत्येक तिसऱ्या टाइलवर स्प्रिंकलर येतो, मग कुठलाही ३×३ तुकडा धरा, त्यात एक स्प्रिंकलर सापडतोच.

वाट सापडली ती चौकटीच्या वहीत. ऑनलाइन प्लॅनर मी रंगसंगती बघायला वापरते, पण अशा विचाराला वही आणि पेन्सिलच बरी, खोडून खोडून डोकं चालतं. इरिडियम स्प्रिंकलर (हा भोवतीच्या २४ टाइल भिजवतो) पाच-पाच टाइलवर ठेवले की चार स्प्रिंकलरच्या मध्ये ४×४ ची मोकळी जागा उरते, आणि ती पूर्ण भिजते. या ४×४ मध्ये ३×३ चे चार वेगवेगळे तुकडे बसतात. म्हणजे संधी चौपट! एका फॉलमध्ये सुमारे ४५ टक्के. स्प्रिंगमध्ये फ्लॉवर आणि समरमध्ये खरबूज लावून तीनही ऋतू त्याच चौकाला दिले, तर वर्षभरात ८५ टक्क्यांच्या आसपास जातं.

बदल्यात एवढंच सोडावं लागतं की जायंट चौकाच्या कुठल्या कोपऱ्यात बसेल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून मी समोरासमोर जुळवायची गोष्टच बदलली. जुळवायचे ते चौक, जायंट नाही. चौकात उरलेल्या ७ टाइलचा काटकोन टी बुशने (चहाच्या झुडपांनी) भरायचा. त्याला पाणी लागत नाही, विंटरमध्ये मरत नाही आणि कुंपणासारखी दर काही दिवसांनी दुरुस्तीही नाही. गावातल्या कॅरोलाइनशी मैत्री दोन हार्टवर गेली की तिच्या सनरूममध्ये जा, त्यानंतर ते बनवायची रेसिपी मिळते. माझे दोन्ही जायंट रस्त्याकडच्या बाजूलाच बसलेत, फ्लॉवर एक ओळ वर आणि भोपळा एक ओळ खाली. टी बुशचे दोन काटकोन एकमेकांना उलटे पडतात. हे मी ठरवूनही इतकं छान मांडलं नसतं.

करून बघणार असाल तर काही गोष्टी. चौकाभोवतीच्या ओळीत तेच पीक लावू नका, नाहीतर जायंट चौकटीबाहेर सरकू शकतो. मी समर आणि फॉलमध्ये तिथे गहू ठेवते. भोपळ्याभोवती गहू काय दिसतो म्हणून सांगू! १ तारखेला लावलेलं बी त्या दिवशी झारीने भिजवा, कारण स्प्रिंकलर पुढच्या सकाळी चालतो आणि एक रात्र फुकट जाते. जुनिमो हट (पीक गोळा करणाऱ्या छोट्या जंगली जीवांची झोपडी) लांब ठेवा. त्यांच्या दारापासून ८ टाइलच्या आत तयार भोपळे असले की ते गोळा करून नेतात, आणि आपल्याला तर ते शेतातच उभे हवेत. बिया गावातल्या दुकानदार पिएरकडूनच घ्या. भोपळ्याचं बी त्याच्याकडे १००g (g म्हणजे गेममधले पैसे), जोजा सुपरमार्केटमध्ये १२५g, आणि एका चौकाला १६ लागतात. स्प्रिंकलर कमी पडत असतील तर गटारात दुकान चालवणारा क्रोबस दर शुक्रवारी एक इरिडियम स्प्रिंकलर विकतो. १०,०००g जास्त वाटतात, पण तो स्वतः बनवायला लागणाऱ्या बॅटरी पॅकसाठी वादळाची वाट बघण्यापेक्षा मला ते परवडतं.

कावळ्यांसाठी रस्त्यालगत साधी बुजगावणी नको होती. आठही रेअरक्रो (दुर्मिळ बुजगावणी) जमवून डिलक्स स्केअरक्रोची (मोठ्या पल्ल्याच्या बुजगावण्याची) रेसिपी मिळाली होती. त्याचा पल्ला १६ टाइलचा, त्यामुळे एकच बुजगावणं झाडांमागे ठेवून दोन्ही चौकांचं काम भागलं.

पुढचा बेत असा होता की उजवीकडचा फ्लॉवर कुऱ्हाडीने फोडायचा आणि पुढच्या फॉलमध्ये तिथेही भोपळाच आणायचा, म्हणजे दोन्हीकडे केशरी. हे लिहिता लिहिता तो रद्द केला. ऋतू बदलला तरी जायंट जागेवरून हलत नाही, मग त्याचाच फायदा का घेऊ नये? रस्त्यावर खाली अजून दोन चौक आखते आणि एकेका ऋतूला एकेक चौक देते. स्प्रिंगचा फ्लॉवर, समरचं खरबूज, फॉलचा भोपळा आणि विंटरसाठी १.६ मध्ये आलेलं पावडरमेलन. पांढरा, गुलाबी, केशरी आणि फिकट निळा, चारही रंग एका रस्त्यावर! शिवाय पावडरमेलन ७ दिवसांत तयार होतं, म्हणजे त्याला जवळजवळ २१ रात्री मिळतात आणि शक्यता ५७ टक्क्यांपर्यंत जाते.

स्प्रिंकलरचा प्रश्नही यातच सुटतो. भरलेल्या चौकाला पाणी लागत नाही, तेव्हा तिथले चारही उचलून नव्या चौकाला लावायचे आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यांवर लोखंडी दिव्याचे खांब उभे करायचे. रस्त्याला मी आत्तापर्यंत खडी वापरली होती, पण चार रंगांमध्ये ती फारच करडी दिसेल. वरच्या टोकाला थोडा विटांचा फ्लोअर टाकून पाहिला, भोपळ्याशेजारी तो खूप शोभतो. फ्लॉवरजवळ मात्र अजून ठरत नाही.

अडचण आहे ती १६ पावडरमेलन बियांची. पिएरकडे त्या मिळत नाहीत, विंटरमधले सीड स्पॉट (जमिनीत बिया दडलेल्या जागा) खणत फिरावं लागणार आणि सगळ्या १ तारखेला हातात असणं अशक्य. म्हणून या विंटरमध्ये फक्त बिया साठवते आणि पेरणी पुढच्या विंटरच्या १ तारखेला. दरम्यान समरचा चौक तयार करून ठेवते. कुणी चार ऋतूंचे जायंट एकत्र मांडले असतील तर स्क्रीनशॉट नक्की टाका, आणि रस्ता कशाचा केलात तेही लिहा.