हात वर करा म्हणे!

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोअरवेलचा विषय चहा यायच्या आत उरकला. कोटेशन फक्त सेक्रेटरींच्या मोबाईलमध्ये. "मान्य असेल त्यांनी हात वर करा," झालं! तळमजल्यावरच्या आजी विचारत राहिल्या, "अहो, पण पाणी किती फुटांवर लागेल?" कोण ऐकतंय.

मला राहून राहून मेंढा-लेखा आठवत होतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंड गाव. तिथे बहुमत चालतच नाही. निर्णय सर्वसहमतीने, एकाचाही विरोध असला की ग्रामसभा थांबते, पुन्हा बसते. शिवाय अभ्यासगट वेगळा. ज्याला विषय समजून घ्यायचाय तो येतो, बाहेरचे जाणकारही येतात, पण तिथे ठरवत काहीच नाहीत, नुसता काथ्याकूट. मला ही फोड फार आवडते: माहिती आधी सगळ्यांकडे पोचते, निर्णय नंतर.

वेळखाऊ आहे, कबूल. पण असं बसून-बोलूनच या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. तोवर स्वतःच्या जंगलातला बांबू विकायलाही वनखात्याचा कागद लागायचा.