काजू, हुमले आणि आम्ही

रविवार, सत्तरी (गोवा)

आज काजूच्या बिया वेचायला बागायतीत गेलो, पण निम्मा वेळ एका झाडाखाली हुमले, म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, बघण्यातच गेला. काकी दोनदा ओरडली, मग तिनेही नाद सोडला.

काजूच्या फुलात मध असतोच. पण कोवळ्या पानांवर आणि मोहरावरही बारीक ग्रंथी असतात, त्यांतूनही गोड रस पाझरतो. परागीकरणाशी त्याचा संबंध नाही, तो मुंग्यांचा खुराक. हुमले तो चाटत मोहरावर फिरत राहतात आणि मोहर सुकवणारा ढेकण्या किडा दिसला की त्याच्यावर तुटून पडतात. पोर्तुगीजांनी हे झाड १६व्या शतकात ब्राझीलहून आणलं. पहारेकऱ्याला पगार द्यायची सवय ते तिकडूनच घेऊन आलं; चाकरीला इथले हुमले लागले.

घरट्याचं काम तर बघतच राहावं असं. कामकरी हुमले एकमेकांची कंबर धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. शिवायला रेशीम मात्र मोठ्यांकडे नसतं, ते अळ्यांकडे. मग अळीला जबड्यात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवायचं. सरळसरळ बालमजुरी!

पण हुमले काही काजूचे सगे नव्हेत. शेजारच्या आंब्यावर हेच हुमले पिठ्या ढेकणांची राखण करतात. पिठ्या झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो, हुमल्यांना तो हवा असतो. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते, पानं काजळतात. त्याचं हुमल्यांना सोयरसुतक नाही.

आमचंही तसंच. पिकलेला काजू आपोआप खाली पडतो, हुर्राकालाही (काजूच्या बोंडांच्या रसाची दारू) तोच लागतो. हुमले वर, आम्ही खाली, भांडणाचं कारणच नाही. आंबे उतरवायला मात्र झाडावर चढावं लागतं. हुमल्याला नांगी नसते, पण तो कडाडून चावतो आणि वर चाव्यावर आम्ल सोडतो. दोन्ही हात फांदीला गुंतलेले असताना ते काय असतं, हे गड्याला विचारावं.

म्हणून बाबांना आंब्यावरची घरटी जाळायची आहेत. काकी म्हणते, वसाहत एकच, आंब्यावरचे गेले तर काजूवरचेही टिकणार नाहीत. तिचं खरं असू शकतं. एका वसाहतीची घरटी कितीतरी झाडांवर पसरलेली असतात आणि राणी त्यांतल्या एकाच घरट्यात बसते; ते जळलं तर सगळी वसाहतच संपली. ती कुठल्या झाडावर आहे यावर जेवताना बराच वाद झाला. बाबांनी काजू म्हटलं, काकीने आंबा.