आमचा पोलोवाला दादा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा फोन आला तेव्हाच सांगितलं, मी फक्त दादावर लिहिणार. नाव टाकत नाही, त्याला आवडलं नसतं, आणि आपल्या कॉलेजच्या स्विमिंगवाल्या पोरांना ते सांगावं लागणारही नाही.

100 मीटर फ्रीस्टाइलचा स्विमर, मेडलंबिडलं होती, पण त्याचा खरा जीव वॉटरपोलोत, म्हणजे पाण्यात पोहत बॉल गोलमध्ये मारायचा तो खेळ. सकाळी सकाळी दादरला पालिकेच्या तलावावर जायचो आम्ही, आणि नव्या पोराला हा बॉल द्यायचाच नाही! आधी काठावर बसवून एगबीटर, म्हणजे गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवायचे, डावा एका दिशेने तर उजवा उलट, मांड्या भरून येईपर्यंत, मग पाण्यात उतरायचं, दोन्ही हात वर, आणि कोपर भिजलं की परत पहिल्यापासून. कारण या खेळात तळाला पाय टेकवायचा नाही, गोलकीपर सोडून कोणी बॉलला दोन हात लावायचे नाहीत, आणि वर दिसतं त्याच्यापेक्षा खाली जास्त चालतं, चड्डी ओढ, लाथ मार, रेफरीला दिसला तरच फाऊल.

दादाचा देव म्हणजे सचिन नाग. "क्रिकेटवाला नाही रे" हे त्याला दर बॅचला सांगावं लागायचं. 1947 च्या दंगलींच्या काळात नागांच्या पायाला गोळी लागली, तरी 1948 ला लंडन ऑलिम्पिकला पोहले, आणि 1951 ला दिल्लीच्या एशियन गेम्समध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड, वर वॉटरपोलो टीमचंही गोल्ड. ते वारले 1987 ला आणि ध्यानचंद पुरस्कार मिळाला 2020 ला. दादाने ती बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली एवढंच, "लवकर दिला."

गेल्या वर्षी दादा गेला. त्याच्या हाताखालचे दोघंतिघं आज ठाणे-पनवेलकडे मुलांना शिकवतात आणि तेही आल्या आल्या बॉल देत नाहीत म्हणे, पालक कटकट करतात, करू देत.

जाता जाता कमिटीला एक विनंती, ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात सगळ्या क्रिकेटच्याच ढाली आहेत, एक कप्पा पोलोला द्या. गोलकीपरची लाल टोपी माझ्याकडे आहे, कानाचं प्लास्टिक तुटलंय पण चालेल, पिवळा बॉल कोणाकडे असेल तर आणा, आणि टीमचा फोटो वहिनींकडून मी घेऊन येतो.