डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं माहेरपण

जर्मनीत आई थकली, तर डॉक्टर तिला तीन आठवडे समुद्रकाठी पाठवू शकतात. मुलांसकट. खर्च आरोग्य विम्याचा. आईनं स्वतःचे रोजचे १० युरो भरायचे, मुलांचे तेवढेही नाहीत. नोकरी असेल तर पगार चालू राहतो आणि हक्काच्या रजेतला एकही दिवस कापला जात नाही. 'मुटर-किंड-कूर' म्हणतात ह्याला, म्हणजे आई-मुलांचा विश्रांती-उपचार. साधारण चार वर्षांतून एकदा मिळतं, मुलं बारा वर्षांची होईपर्यंत सोबत नेता येतात.

हे फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण तुला झालंय काय?"

झालं काहीच नव्हतं, आणि तेच सांगणं कठीण. ताप नाही, रिपोर्टात काही नाही. पाठ धरलेली, रात्री दोनला जाग आली की परत डोळा लागत नाही, आणि धाकट्यानं दूध सांडलं तरी माझा आवाज असा चढायचा की माझं मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. ह्याला मराठीत 'संसार' म्हणतात, आजार नाही. इथल्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे छापील फॉर्म काढला आणि विचारत विचारत खुणा करायला सुरुवात केली. झोप? सततची घाईगडबड? मदतीला जवळ कोण आहे?

शेवटच्या प्रश्नावर मी हसले. जवळ कोण असणार? आपल्याकडे ह्यासाठी माहेर असायचं. दिवाळीत, मे महिन्यात जायचं, आईच्या हातचं खायचं, मुलांना मामाच्या ताब्यात द्यायचं आणि दुपारी उशी घेऊन पंख्याखाली पडायचं. हानोव्हरहून ते माहेर दोन विमानं आणि एक रात्र लांब. शिवाय आता भारतात गेलं की विश्रांती होते, हा गैरसमज तिथल्यांनी तरी काढून टाकावा. बँकेचं केवायसी, दातांचं काम, चार लग्नघरं राहिलेली, दोन्हीकडच्या आज्ज्यांना नातवंडं समान वाटून द्यायची. परत येताना मी जाण्यापेक्षा जास्त दमलेली असते. आणि माझी आई आता सत्तरीची आहे. तिच्याकडे जाऊन पडून राहायचं, तर मग तिला कोण बघणार?

तर ही कूर. तिच्यामागे एक बाई आहे, एली हॉयस-क्नाप. पश्चिम जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रपतींची, थेओडोर हॉयस ह्यांची पत्नी. नाझी काळात नवऱ्याची कामं बंद झाली तेव्हा तिनं जाहिराती करून घर चालवलं होतं, म्हणजे दमणं तिला ऐकीव नव्हतं. युद्धानंतर देशभर उद्ध्वस्त घरं सावरणाऱ्या बायका मोडकळीला आल्या होत्या. त्यांच्यासाठी तिनं ३१ जानेवारी १९५० रोजी 'म्युटरगेनेझुंग्सवेर्क' ही संस्था काढली. मातृदिनाच्या आसपास ह्या संस्थेसाठी आजही देणग्या गोळा करतात. पण खरा फरक पडला २००७ मध्ये. तेव्हापासून, वैद्यकीय गरज असेल तर ही कूर देणं सरकारी आरोग्य विमा कंपन्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. त्याआधी ती त्यांच्या मर्जीवर असायची.

बंधनकारक असलं तरी पहिलं पत्र नकाराचंच आलं. आधी घराजवळचे उपचार करून पाहा, असा सूर. कारितास, डियाकोनी, आवो अशा संस्थांची सल्ला केंद्रं जागोजागी आहेत आणि सल्ला फुकट असतो. तिथल्या बाईंनी पत्र वाचून नुसती मान हलवली. ह्या कूरसाठी 'आधी घराजवळ, मग क्लिनिक' हा नियम कायद्यानंच लागू होत नाही, म्हणाल्या. महिन्याच्या आत हरकत घ्यायची असते, ती घेतली, आणि मंजुरी आली. इथे राहणाऱ्या मैत्रिणींनी हे वाचलं तर एवढं लक्षात ठेवा: नकाराचं पत्र आलं की ते फायलीला लावू नका, घेऊन सल्ला केंद्रात जा.

आम्हाला नोर्डरनाय मिळालं, उत्तर समुद्रातलं बेट. १७९७ पासून लोक तिथे हवापालटासाठी जातात. हानोव्हरहून थेट रेल्वे नोर्डडाइशच्या धक्क्यापर्यंत जाते, तिथून तासाभराची फेरी. ऑक्टोबर होता. वारा असा, की डेकवर लेकीची टोपी उडाली आणि धाकट्याला वाटलं, पुढचा नंबर आपला.

क्लिनिक म्हणजे हॉस्पिटल नाही. दोन खोल्या, एक बाल्कनी, खाली जेवणघर. पहिल्या दिवशी डॉक्टर तपासतात आणि आठवड्याचा तक्ता हातात देतात. मुलं सकाळी त्यांच्या त्यांच्या गटात, शाळेतल्यांना थोडा अभ्यास, आणि आई तक्त्याप्रमाणे: पाण्यातला व्यायाम, पाठीचे व्यायाम, समुद्राच्या गरम चिखलाचा लेप, काठ्या घेऊन किनाऱ्यावर झपझप चालणं. तक्त्यात मध्येमध्ये रिकामे चौकोन होते. मी विचारलं, इथे काय करायचं? स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, काही नाही. पहिल्या आठवड्यात त्या चौकोनांत मी मुलांचे कपडे धुतले.

सगळ्यात आवडलं ते क्नाइपचं पाणी. सेबास्टियान क्नाइप हे एकोणिसाव्या शतकातले बव्हेरियातले धर्मगुरू. तरुणपणी क्षयानं आजारी असताना डॅन्यूबच्या गार पाण्यात बुड्या मारून आपण बरे झालो, असं ते सांगत, आणि त्यातून त्यांनी पाण्याच्या उपचारांची अख्खी पद्धत बसवली. क्षयाचं सोडा. पण गुडघाभर गार पाण्यात चालणं मी स्वतः केलंय. प्रत्येक पाऊल पाण्याबाहेर पूर्ण काढायचं, बोटं खाली वळवायची, मग पुन्हा आत. नियम दोन: पाय आधी गरम असायला हवेत, आणि थंडी चावायला लागली की लगेच बाहेर. टॉवेल नाही. हातानं पाणी निपटायचं, लोकरी मोजे चढवायचे आणि चालत सुटायचं. पाच मिनिटांत पायात अशी ऊब येते की हसू येतं. आठ-दहा बायका ओळीनं करकोच्यासारख्या पाय उचलत चालल्यात, एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसतायत, आणि शिकवणारे गृहस्थ अत्यंत गंभीर. ज्यांना पाय भिजवायचे नसतील त्यांनी हात कोपराच्या वरपर्यंत गार पाण्यात अर्धा मिनिट धरायचे. क्नाइपवाले ह्याला आपली कॉफी म्हणतात. दुपारी चारला, ऑफिसातून आल्यावर आणि मुलांच्या वह्या उघडण्याआधी, मी ही कॉफी आता स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घेते. फुकट आणि झोप न उडवणारी.

जेवणाचं म्हणाल तर संध्याकाळी साडेपाचला पाव, चीज, काकडी. इतकंच. तीन आठवडे. बॅगेत मेतकुटाची पुडी आणि लसणाची चटणी होती म्हणून निभावलं. आणि मधल्या आठवड्यात पोटाची साथ आली, जी मुलांनी भरलेल्या अशा प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी येतेच. मग दोन्ही मुलांसकट खोलीत बंद, दाराशी ठेवलेला डबा, आणि खिडकीतून दिसणारा समुद्र. कूरचे फोटो टाकणारे हा भाग टाकत नाहीत.

पण चहा! हे बेट पूर्व फ्रिसियात येतं, आणि तिथली माणसं वर्षाला माणशी सुमारे ३०० लिटर चहा पितात, चहा पिण्यात जगात सगळ्यांच्या पुढे. पुणे-मुंबई सगळं मागे पडलं. चहा कडक, आणि त्यात मुख्य भर आसामच्या पानांची, त्यामुळे वास आल्याबरोबर जीव भांड्यात पडला. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा. त्यावर उकळता चहा ओतला की खडा तडतडतो. मग चपट्या चमच्यानं कडेनं साय सोडायची, ती खाली जाऊन ढगासारखी वर येते. आणि ढवळायचं नाही. आधी साय, मग कडक चहा, शेवटी तळाची गोडी. तीन कप प्यायचे, हा तिथला शिष्टाचार. नको असेल तर चमचा कपात उभा ठेवायचा. चमचा बाहेर राहिला तर यजमानीण ओततच राहते. माझ्या टेबलावरच्या म्युनिकच्या बाईनं पहिल्याच कपात सपासप ढवळलं, तेव्हा वाढणाऱ्या आजींचा चेहरा बघण्यासारखा होता.

मुलं झोपली की खोलीतला आवाज ऐकवणारा बेबीफोन कानाशी ठेवून आम्ही खाली जमायचो. कुणी विणायचं, कुणी शिंपल्यांवर रंग द्यायचं, पण बहुतेक वेळा पट मांडला जायचा. 'मेन्श एर्गेरे दिश निष्ट', म्हणजे जर्मन घराघरातला लुडो. तो आला आपल्या पचीशीवरून. म्युनिकच्या योझेफ श्मिट ह्यांनी आपल्या मुलांसाठी तो बनवला आणि १९१४ पासून तो मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. एक शाळामास्तरीण, एक बसचालक, एक कर सल्लागार आणि मी. सोंगटी मारली की आरडाओरडा असा, की रात्रीची नर्स दोनदा येऊन गेली. शेवटचं इतकं मोठ्यानं कधी हसले होते, आठवेना. तक्त्यात ह्याला उपचार म्हटलेलं नव्हतं.

मुलांना सगळ्यात काय आवडलं? चिखल. ओहोटीला इथला समुद्र किलोमीटर-किलोमीटर मागे जातो आणि उघडी पडते वाटनमेर, २००९ पासून जागतिक वारसा असलेली चिखलभूमी. वाटाड्याबरोबर अनवाणी चालायचं, एकट्यानं जायचं नाही, कारण भरतीचं पाणी मागच्या घळींतून आधी भरतं. वाळूवर जागोजागी वळ्यावळ्यांचे बारीक ढीग दिसतात. खाली राहणारा किडा वाळू खातो, त्यातलं अन्न ठेवून घेतो आणि उरलेली वाळू शेपटीकडून वर ढकलतो. म्हणजे तो ढीग म्हणजे शी, हे कळल्यावर धाकट्याला पुढचा आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

आता जे मला ह्या सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. मानसशास्त्रज्ञ बाईंनी आमच्या गटाला कोरे कागदी तुकडे दिले. घरातलं जे जे तुमच्या डोक्यात असतं ते एकेका तुकड्यावर लिहा. मी लिहीत सुटले. धाकट्याची चिखलात घालायची विजार लहान झाली. दातांच्या डॉक्टरची तारीख. शनिवारच्या वाढदिवसाची भेट. ११ नोव्हेंबरच्या मिरवणुकीचा कंदील अजून अर्धाच. बालवाडीच्या वर्गणीचे पैसे सुटे हवेत. सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्या असतील, विचारायला हवं. टेबल भरलं. मग बाई म्हणाल्या, ह्यातले जे तुकडे घरात दुसरं कुणी आठवण न करता सांभाळतं, ते बाजूला काढा.

दोन निघाले. कचऱ्याचे डबे आणि गाडीची हिवाळी टायरं.

चिखलाच्या लेपाचं काम तेवढ्यापुरतं, हे मला तिथे लख्ख दिसलं. माझं माहेरपणही तसंच होतं. पंधरा दिवस लाड, आणि मग त्याच स्वयंपाकघरात, त्याच ओट्यापाशी. दमलेली बाई दुरुस्त करून मूळ जागी परत बसवायची, ह्यात जर्मनी आणि आपण फारसे वेगळे नाही, फक्त इथे पावती मिळते. मला कूर हवीच होती, पुन्हाही घेईन. पण घरातल्या तुकड्यांची वाटणी बदलली नाही तर समुद्राची हवा दोन आठवडे टिकते.

म्हणून त्या टेबलाचा फोटो काढून मी नवऱ्याला पाठवला. त्यावर काही लिहिलं नाही. रात्री त्याचा फोन आला, म्हणाला, "कंदिलाचं मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "माहीत नसणं हीच तर चैन आहे." जरा खटका उडाला. पण परत आल्यावर आम्ही तुकडे खरोखर वाटून घेतले. दात, वाढदिवस, बालवाडीचे सगळे कागद आणि दोन्ही मुलांचे बूट-कपडे त्याच्याकडे. अट एकच, मी आठवण करायची नाही. पहिल्या महिन्यात लेक एका वाढदिवसाला भेटीशिवाय गेली. गेली. जग चालू राहिलं. मंगळवारी संध्याकाळी मी पोहण्याच्या तलावावर पाण्यातल्या व्यायामाला जाते. असे प्रमाणित कोर्स केले की विमा कंपनी बराचसा खर्च परत करते. त्या वेळी फोन लॉकरमध्ये असतो.

सासूबाईंनी परवा विचारलं, "मग, बरं वाटतंय का आता?" म्हटलं, पाठ बरी आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही असतं तर मी अलिबागला गेले असते. एकटी. कुणालाच बरोबर न नेता." मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, तुम्ही तुकड्यांवर काय काय लिहिलं असतं? फोन पाऊण तास चालला.

आणि हो, ही कूर वडिलांनाही मिळते. बालवाडीची पत्रकं आणि वाढत्या पायांचे बूट ह्यांच्याशी काही महिने झुंजल्यावर नवऱ्यानं आमच्या डॉक्टरांकडे स्वतःसाठी तारीख घेतली आहे. मुलांना तोच घेऊन जाणार म्हणतो. फक्त त्याला बाल्टिक समुद्राचा किनारा हवा आहे. तिथे भरती-ओहोटी नसल्यातच जमा, म्हणजे चिखल नाही, म्हणजे धुणं कमी.