चार तारांचा वूफर

नाशिकच्या शालिमारच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या दुकानात वर्षभर येणारे काम बहुतेक डीजेवाल्यांचे असते. गणेशोत्सव आटोपला की जळालेल्या कॉइलच्या पंधरा आणि अठरा इंची वूफरांची, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरांची, थप्पी फुटपाथपर्यंत जाते. त्याच धामधुमीत देवळाली कॅम्पचा एक तरुण जुन्या रेडिओग्रामचे (रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर एकत्र असलेल्या संचाचे) लाकडी कपाट आणि त्यातला बारा इंची वूफर रिक्षातून घेऊन आला. घराची विक्री ठरली होती. भंगारवाल्याने तांब्याच्या वजनावर भाव लावला होता, तर मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने फोटो पाहून, हा ‘लंडनचा टॅनॉय’, म्हणजे त्या नामांकित इंग्रजी कंपनीचा स्पीकर, असेल आणि तसे कुणी जाणकार लिहून देत असेल, तर चांगली रक्कम देण्याची तयारी दाखवली होती. ‘‘काका, आवाज येत नाही, मेलेलाच आहे, पण नाव तेवढं लिहून द्या,’’ असे त्याचे म्हणणे होते.

टॅनॉय नाही, हे उचलताक्षणीच कळले. टॅनॉयचा नावाजलेला ड्युअल कॉन्सेंट्रिक स्पीकर 1947 सालापासूनचा. त्याच्या मध्यभागातून उच्च स्वरांचा वेगळा मार्ग काढलेला असतो आणि मागच्या झाकणाच्या रंगावरून, म्हणजे काळा, चंदेरी, लाल, सोनेरी, त्याची पिढी ओळखता येते. इथे मध्यभागी साधी कागदी टोपी होती आणि मागे मॅग्नेटच्या जागी जाडजूड लोखंडी भांडे होते. लेबल गळून गेलेले होते. लेबल नसल्याचे मला फारसे दुःख होत नाही, कारण हल्ली जुन्या फ्रेमवर नवे छापील लेबल डकवून विकणाऱ्यांची कमी नाही आणि फ्रेम, गॅस्केट, तारा, कोनची म्हणजे कागदी पडद्याची घडी या गोष्टी लेबलाइतक्या सहज खोट्या करता येत नाहीत.

या भांड्यातून चार तारा बाहेर आल्या होत्या. त्यांतल्या दोन ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या होत्या. उरलेल्या दोन कुणीतरी टोके कापून, कापडी टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवल्या होत्या. मल्टिमीटर लावला तेव्हा पहिल्या जोडीवर सहा ओहम आले, म्हणजे कोन हलवणारी कॉइल शाबूत होती. दुसऱ्या जोडीवर अकराशेच्या आसपास आकडा स्थिरावला आणि स्पीकर का बोलत नाही, याचा उलगडा तिथेच झाला. हा फील्ड कॉइलचा स्पीकर होता. त्यात कायमचे चुंबक नसतेच. तांब्याच्या हजारो वेढ्यांतून डीसी प्रवाह वाहतो तेवढा वेळच लोखंड चुंबक बनते.

अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी 1925 साली हलत्या कॉइलच्या स्पीकरची जी रचना मांडली, तिला ताकदवान चुंबकाची गरज होती आणि त्या काळच्या पोलादी चुंबकांत तेवढा दम नव्हता. म्हणून विद्युतचुंबक वापरला गेला. व्हॉल्व्हच्या रेडिओत याच कॉइलकडून चोकचे, म्हणजे प्रवाह गुळगुळीत करण्याचे, कामही करून घेत. सेटचा उच्च दाबाचा प्रवाह तिच्यातून जाई. तिला लागणारी वीज मिळे आणि पुरवठ्यातली घरघरही कमी होई. एका खर्चात दोन कामे करून घेण्याच्या त्या जमान्यातल्या चोख हिशेबाला मी आजही दाद देतो. पुढे कधीतरी व्हॉल्व्हचा सेट काढून ट्रान्झिस्टरचा बसवणाऱ्याने फील्डच्या तारा निरुपयोगी समजून दुमडल्या, आणि लोखंडात शिल्लक राहिलेल्या नावापुरत्या चुंबकत्वावर स्पीकर कान लावला तरच ऐकू येईल एवढे कुजबुजत राहिला. घरच्यांनी तो मेला असे ठरवून टाकले.

शिक्का शोधताना स्पिरिट अजिबात लावायचे नाही, कारण जुनी शाई धुळीबरोबर निघून जाते. मी रंगाऱ्याच्या मऊ कोरड्या ब्रशने फ्रेमची कड झाडली आणि टॉर्च आडवा धरला. फिकट जांभळ्या शाईत 220634 हे आकडे दिसले. अमेरिकन स्पीकरांवर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे असतात: 220 म्हणजे जेन्सन, 137 म्हणजे सीटीएस, 465 म्हणजे ऑक्सफर्ड, 328 म्हणजे युटा. त्यानंतरचा एक आकडा वर्षाचा आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे शिकागोचा जेन्सन, चौतिसावा आठवडा, ऑगस्टची अखेर. वर्ष मात्र सहा; दशक कोणते ते आकडा सांगत नाही आणि नवशिके नेमके इथे फसतात. 1936 साली फील्ड कॉइल घरोघरी होत्या, पण हे संकेतांक तेव्हा रुळलेले नव्हते. 1956 किंवा 1966 म्हणावे, तर युद्धानंतर अल्निको या मिश्रधातूचे चुंबक स्वस्त आणि जोरकस झाल्याने फील्ड कॉइल झपाट्याने मागे पडली होती. जेन्सनच्या मॉडेल क्रमांकांत पी म्हणजे अल्निको आणि सी म्हणजे सिरॅमिक ही अक्षरे पुढे सर्रास दिसतात, फील्ड कॉइलचे एफ क्वचित. उरले 1946. या कंपनीच्या संस्थापक पीटर जेन्सननेच एडविन प्रिडहॅमबरोबर कॅलिफोर्नियातल्या नापा गावी 1915 साली मॅग्नाव्हॉक्स नावाचा हलत्या कॉइलचा भोंगा बनवला होता, ही गोष्ट मी त्या मुलाला सांगितली. त्याचे लक्ष अर्थातच टॅनॉयकडे होते.

कपाट मात्र इंग्लंडचेच होते. आतली फळी पाहिली तेव्हा वूफरच्या चार स्क्रूंच्या आतल्या बाजूला बुजवलेली चार जुनी भोके सापडली आणि त्यांच्याभोवती लाकडाचा रंग दहा इंची वर्तुळात उजळ राहिलेला दिसला. वूफर नंतर आलेला होता. मुलाने आजीला फोन लावला. आजींनी जराही न अडखळता सांगितले, ‘‘अरे, मूळचा भोंगा उंदरांनी खाल्ला होता. मेनरोडच्या मिस्त्रीने कॅम्पातल्या लिलावातला आणून बसवला. तुझे आजोबा किती दिवस कुरकुरत होते पैशावरून!’’

प्रवाह देण्याआधी ओलाव्याची भीती होती, म्हणून कॉइल आणि भांडे यांच्यातली विजेची गळती तपासून घेतली. मग व्होल्टेज कमीजास्त करणारा व्हेरिअ‍ॅक, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर अशी जुळणी करून तीस व्होल्टपासून हळूहळू चढत गेलो. पन्नासच्या पुढे भांड्याजवळ नेलेला स्क्रूड्रायव्हर हातातून ओढला जाऊ लागला. शंभर व्होल्टला सुमारे नव्वद मिलिअँपिअर, म्हणजे नऊ वॅट केवळ चुंबकासाठी. कोनला पूर्वी कुणीतरी सरसाने कागदाचे ठिगळ लावले होते; ते घट्ट होते, म्हणून हात लावला नाही. दुपारच्या बातम्या लावल्या तेव्हा निवेदिकेचा आवाज इतका भरीव आला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. खोल बास त्यात नाही, आणि आजच्या डीजेच्या मापाने मोजायला गेले तर तो नापासच होईल; पण थोड्याशा वॅटवर माणसाचा आवाज जितका समोर उभा राहतो, तितका माझ्या दुकानातल्या हजार वॅटच्या मालात राहत नाही.

मुलाने पुन्हा विचारले, ‘‘मग टॅनॉय लिहाल ना?’’ मी पावतीवर लिहिले ते असे: जेन्सन, शिकागो, 1946, चौतिसावा आठवडा, फील्ड कॉइल, कोन एकदा दुरुस्त, कपाट इंग्लिश, वूफर मूळचा नव्हे. मुंबईच्या गिऱ्हाइकाने ती वाचून आकडा निम्म्याच्याही खाली आणला. मुलगा तयार होता. आजींनी फोनवरच नकार दिला. फील्डसाठी मी वेगळा पुरवठा बनवून दिला आणि त्याच्या डब्यावर ठळक लिहिले की शंभर व्होल्टच्या वर नेऊ नये, दोन तास सलग वाजल्यावर भांडे गरम लागेल, त्याला घाबरू नये, आणि बंद केल्यावर कपॅसिटर उतरेपर्यंत तारांना हात लावू नये.