कुरितिबात आंघोळीच्या गरम पाण्यासाठी एकवीस दिवस

ब्राझीलमध्ये बहुतेक घरांत गरम पाण्याची वेगळी लाइन नसते. टाकीतून थंड पाण्याचा एकच पाइप येतो आणि पाणी तापतं ते थेट शॉवरच्या तोंडाशी. प्लॅस्टिकच्या त्या डब्यात हीटिंग कॉइल असते. त्याला इथे शुवेइरू म्हणतात. स्वयंपाकघरातला नळही थंडच. ब्राझील म्हणजे उकाडा असं समजून येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की कुरितिबा नऊशे मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि जून ते ऑगस्ट इथे चांगलीच थंडी असते.

शुवेइरू विकत आणणं, जुना काढणं, टेफ्लॉन टेप गुंडाळून नवा बसवणं हे तासाभराचं काम. माझे एकवीस दिवस गेले ते वायरीपायी.

या शहरात फेज आणि न्यूट्रलमध्ये १२७ व्होल्ट मिळतात आणि दोन फेजमध्ये २२०. घरात १२७ची जोडणी होती, म्हणून १२७ व्होल्टचा ५५०० वॅटचा शुवेइरू आणला. आंघोळ सुरू झाली की चार-पाच मिनिटांत एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. ५५०० भागिले १२७ म्हणजे ४३ अँपिअर. एमसीबी होता २५चा आणि वायर ४ स्क्वेअर एमएमची. तो पडत होता हे बरोबरच होतं.

भाड्याच्या एजन्सीने पाठवलेला इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने पिशवीतून ५० अँपिअरचा एमसीबी काढला. तो बसवला की पडायचा थांबेल, असं त्याचं म्हणणं. थांबला असताच. पण एमसीबी शुवेइरूसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. पाइपातून नेलेली ४ स्क्वेअरची वायर साधारण ३२ अँपिअर सोसते. तिच्यातून रोज ४३ गेले तर ती भिंतीच्या आत तापत राहणार आणि ५०चा एमसीबी गप्प बसणार. शॉवरमागचा जोड मी उघडून दाखवला. वायरीचं आवरण बोटभर तपकिरी झालं होतं, नखाने दाबलं तर त्याचे तुकडे पडत होते. तांबं काळं पडलेलं. जोडाला साधी चिकटपट्टी होती. तरीही तो म्हणाला, इथे सगळ्यांकडे असंच असतं. मी ५०चा बसवू दिला नाही आणि आजही मला ते योग्यच वाटतं. तुमच्याकडे कुणी नुसता एमसीबी मोठा करून देत असेल, तर सही करू नका.

एजन्सीचं पुढचं उत्तर आलं की मग ३२०० वॅटचा शुवेइरू लावा. ३२०० भागिले १२७ म्हणजे २५ अँपिअर, वायरीला चालतं. पण हिशेब करा. मिनिटाला ३ लिटर ही अगदी बारीक धार. त्या धारेला ३२०० वॅट जेमतेम १५ अंशांनी तापवतात. टाकीतलं पाणी १५ अंशांवर असेल तर अंगावर पडणार ३० अंशांचं. थंडीत त्याला कोमटही म्हणवत नाही. ५५०० वॅटना तीच धार २६ अंशांनी चढते, म्हणजे ४१. धार ६ लिटर केली की वाढ निम्म्यावर येते. पाणी गार वाटलं तर नळ अर्धा बंद करायचा, हे त्यामुळेच. आपली सवय उलटी असते.

१२७वर ५५०० वॅट हवे असतील तर १० स्क्वेअरची वायर आणि ५० अँपिअरचा एमसीबी लागतो, म्हणजे नवी वायर ओढणं आलं. पण त्याच ४ स्क्वेअरच्या वायरीवर २२० व्होल्ट दिले तर ५५०० वॅटना फक्त २५ अँपिअर लागतात. मीटरला दोन फेज येत असतील तर पॅनेलमध्ये शॉवरच्या लाइनचा न्यूट्रल काढून तिथे दुसरा फेज द्यायचा, दोन पोलचा ३२ अँपिअरचा एमसीबी बसवायचा आणि २२०चा शुवेइरू आणायचा. भिंत फोडायची गरज नाही. जी निळी वायर आता फेज झाली तिच्या दोन्ही टोकांना दुसऱ्या रंगाची टेप लावायचीच, कारण निळी म्हणजे न्यूट्रल असं पुढचा माणूस धरून चालणार. हे काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला तीन आठवडे लागले, कारण मी फोनवर बोलत राहिलो. लेखी दिल्यावर हालचाल झाली. १९९१चा ८२४५ क्रमांकाचा भाडेकायदा इथे कामाला येतो. कलम २२ प्रमाणे घर वापरण्याजोग्या स्थितीत देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम २६ म्हणतं की मालकाने करायची तातडीची दुरुस्ती १० दिवसांहून लांबली तर वरच्या दिवसांचं भाडं त्या प्रमाणात कमी करून मागता येतं आणि ३० दिवसांवर गेली तर करार मोडता येतो. पत्रात कलम, तारखा आणि जळक्या जोडाचा फोटो घाला. घर ताब्यात घेताना विस्तोरिया, म्हणजे घराच्या स्थितीचा अहवाल होतो, त्यात शॉवरच्या वायरीची जाडी आणि एमसीबीचा आकडा लिहून घ्यायला हवा होता. वायरीच्या आवरणावर जाडी छापलेली असते.

मधल्या दिवसांत किटली आणि बादली. १२७ व्होल्टवर १२०० वॅटची, १.७ लिटरची किटली भरून उकळायला साडेआठ मिनिटं लागतात. त्या कढत पाण्याला १५ अंशांच्या पाण्याचं ४ लिटर विसण घातलं की ४० अंशांचं पावणेसहा लिटर होतं. दोन किटल्यांत तांब्याने बेताने आंघोळ होते, केस धुवायचे तर तीन. बादलीत आधी गार पाणी, मग उकळतं. उलट केलं तर प्लॅस्टिकची बादली मऊ पडते आणि वाफेने हात भाजतो. तेलकट भांड्यांना एक किटली घमेल्यात पुरते.

भारतातून पाणी तापवायचा रॉड आणायचा विचार असेल तर राहू द्या. २३० व्होल्टचा १५०० वॅटचा रॉड १२७वर साडेचारशे वॅटच देतो. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापायला जवळजवळ तास जातो.

२२० झाल्यावर आणखी एक अडचण येऊ शकते. पॅनेलमध्ये डीआर असेल, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा आपल्याकडचा आरसीसीबी, तर उघड्या कॉइलचा शुवेइरू तो पाडतो. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, थोडा करंट पाण्यातून अर्थिंगकडे जातो आणि ३० मिलीअँपिअरचा डीआर ट्रिप होतो. डीआर काढून टाकायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, तो माणसाच्या जिवासाठी आहे. ‘ब्लिंदादा’ लिहिलेला, म्हणजे आवरणातल्या कॉइलचा शुवेइरू घ्या. हिरवी वायर अर्थिंगलाच जोडा, न्यूट्रलला कधीही नाही. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर एमसीबी पाडा आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत आंघोळ नको.

जोडाला प्लग किंवा चिकटपट्टी चालत नाही, चिनीमातीचा कनेक्टर लागतो. पहिल्यांदा चालू करताना एमसीबी बंद ठेवून मिनिटभर पाणी सोडा, डबा भरू द्या, मगच वीज द्या. कोरडी कॉइल सेकंदांत जळते. हिवाळा-उन्हाळ्याचं बटण पाणी चालू असताना फिरवू नका. आणि पाणी येतंय पण तापतच नाही असं झालं तर कॉइलला दोष देण्याआधी छतावरची टाकी किती उंच आहे ते बघा. आतला पडदा पाण्याच्या दाबाने उचलला गेला तरच वीज जोडली जाते आणि टाकी शॉवरच्या वर मीटरभरही नसेल तर तो उचलत नाही.

कॉइल बदलताना व्होल्ट वाचूनच घ्या. १२७ची कॉइल २२०वर लावली तर तिप्पट वीज घेऊन लगेच जळते. म्हणून पॅनेलच्या झाकणाच्या आतून आणि शॉवरच्या जोडापाशी मी जाड पेनाने ‘शुवेइरू २२०’ लिहिलेल्या पट्ट्या चिकटवल्या आहेत.