टेबल वाढलं, फेन्स सरळ झाली

किती दिवस मनात होतं, आज मुहूर्त लागला. छोट्या टेबल सॉ मशीनचं (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड चिरणारं मशीन) टेबल उजवीकडे वाढवलं. फेन्स म्हणजे लाकूड सरळ सरकावं म्हणून पात्याला समांतर लावलेली पट्टी; ती ज्यावर सरकते ती रेलही लांब केली. आधी पात्यापासून जेमतेम 12 इंच माल बसायचा. 8 बाय 4 फुटांची शीट मधोमध उभी चिरायला 24 इंच लागतात. आता 26 मिळतात!

जोडटेबल 18 मिमी प्लायचं केलंय, लॅमिनेट दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला लावलं तर फळी हळूहळू वाकते. खाली एक पायही दिला, कारण जड शीट उजवीकडे टेकली की हलकं मशीन कलंडू शकतं.

खरा वेळ गेला तो फेन्समध्ये. प्लग काढला, पात्याच्या एका दातावर खूण केली आणि टेबलावर पात्याशेजारी असलेल्या लांब खाचेपासून अंतर मोजलं. पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणला, पुन्हा मोजलं. पातं खाचेला समांतर होतं. फेन्सचं मागचं टोक मात्र पात्याकडे 1 मिमी झुकलेलं. एवढंसं वाटतं, पण अशाच ठिकाणी लाकूड पातं आणि फेन्सच्या मध्ये आवळलं जातं आणि मागचे दात ते उचलून आपल्याच अंगावर फेकतात. ते बघून पोटात गोळा आला. बोल्ट सैल करून, हलके ठोके देत, तीनदा मोजून घट्ट केलं.

संध्याकाळी पहिली फळी चिरली. कड अगदी स्वच्छ, जळल्याचा डागसुद्धा नाही. अजून हात फिरवतोय तिच्यावरून.